नळदुर्ग : राखायचे आणि वापरायचेही

सोलापूरहून हैदराबाद रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना सोयाबीन आणि तुरीची रानं. तासाभरात नळदुर्ग आले. पाऊस चांगला झाला होता, म्हणून मुलांना पाणीमहाल दाखवायचा बेत आम्ही केला होता.

इब्राहीम आदिलशाह दुसरे यांच्या काळात, 1613 साली, बोरी नदीवर हा बंधारा बांधला गेला. किल्ला आणि पलीकडचा रणमंडळ त्याने जोडले गेले. बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल आहे. नदी भरली की नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळते, आणि आतली खोली मात्र कोरडी राहते. आम्ही खिडकीशी उभे राहिलो. समोर पाण्याचा पडदा, अंगावर नुसते तुषार. धाकटीने विचारले, "अब्बा, हे फक्त बघायला बांधलं होतं का?"

नाही बेटा. बंधाऱ्याने किल्ल्याला पाणी पुरवले. सौंदर्य त्या उपयोगाबरोबर आले. पुढेही ही जागा वापरात राहिली. 1853 नंतर इंग्रज अंमलदार मेडोज टेलर जिल्ह्याचा कारभार पाहायला नळदुर्गला राहिले. पण वापर सुटला की वास्तू खचते. भिंतीत पिंपळ रुजतो, दगड निघून जातात.

म्हणूनच शासनाची वैभव संगोपन योजना आहे. मालकी शासनाचीच राहते आणि देखभाल दुसऱ्याकडे सोपवता येते. 2014 मध्ये नळदुर्ग या योजनेखाली एका खासगी संस्थेकडे दिला गेला. अशी परवानगी द्यावी की नाही, यावर परतीच्या वाटेत आमच्यात चांगलीच चर्चा झाली. अम्मी म्हणाल्या, "पैसा आला की जागा पैशाची होते." आम्हाला वाटले, पैसा न आल्यास जागा मातीची होते.

उत्तर आम्हाला आपल्याच घरात सापडले. हजरत उमर (रजि.) यांना खैबरमध्ये जमीन मिळाली, तेव्हा प्यारे नबी (सल्ल.) यांनी मूळ जमीन राखून तिचे उत्पन्न सदका करण्याचा सल्ला दिला. ती विकायची नाही, कुणाला बक्षीस द्यायची नाही, वारशात वाटायची नाही. उत्पन्न गोरगरीब, नातलग, मुसाफिर यांचे. सांभाळणाऱ्याने त्यातून रीतीप्रमाणे खावे, पण साठवून धनवान होऊ नये.

जुन्या वास्तूच्या परवान्याला याहून चांगल्या अटी कोणत्या? दगड हलवू नये, जुन्या मशिदीचा अदब राखावा, गावातल्या पोरांना रोजगार मिळावा, आणि आसपासच्या शेतकऱ्याच्या लेकरांना तिकीट परवडेल इतकेच असावे.

किल्ल्याबाहेर एका आजींकडून भाजलेली कणसे घेतली. त्यांना विचारले, पर्यटक आले की बरे वाटते का? त्या हसल्या, "चार पैसे सुटतात. पण माझी नात अजून आत गेली नाही."

तुम्ही नळदुर्गला जाल, तेव्हा पाणी जरूर बघा. आणि बाहेरच्या कणसांचा भाव करू नका.