मी काढलेले एक छायाचित्र

यंदाच्या वार्षिकासाठी चित्रे निवडण्याचे काम चालले असता संपादक मंडळातील दोन विद्यार्थी माझ्याकडे आले. टिटवीच्या घरट्याचे मी काढलेले एक जुने छायाचित्र त्यांनी माझ्या कपाटात पाहिले होते; ते त्यांस छापावयाचे होते. त्यांतील एकाने विचारले, "सर, इतका सुरेख फोटो आपण काढला, मग जगभर हिंडून रानातल्या प्राण्यांचे फोटो आपण का काढले नाहीत?" पहिल्या मागणीस मी नकार दिला आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर टाळले. पुढे विचार करिता वाटले की, हे बरे झाले नाही. मुलांनी सरळपणे विचारावे आणि शिक्षकाने तोंड फिरवावे, हे शोभत नाही. म्हणून ते चित्र न देता त्याची हकीकत येथे देत आहे.

माझे बालपण दौंडास गेले. वडील रेल्वेत नोकरीस होते. दौंड हे मोठे जंक्शन. तेथून पुण्याकडे, सोलापुराकडे, मनमाडकडे आणि बारामतीकडे गाड्या जातात. फलाटावर उभे राहून मी गाड्या पाहत असे व प्रत्येक गाडीबरोबर माझे मन दूर देशी जात असे. त्यातच शाळेच्या वाचनालयात इंग्रजी सचित्र मासिकांचे काही जुने अंक हाती लागले. आफ्रिकेतील सिंह आणि ध्रुवप्रदेशातील पांढरी अस्वले पाहून मी ठरविले की, मोठेपणी आपण कॅमेरा खांद्यास लावून पृथ्वीप्रदक्षिणा करावयाची.

महाविद्यालयात असताना मामांनी आपला जुना कॅमेरा मला दिला. त्या वेळी फिल्म असे; एका गुंडाळीत ३६ चित्रे निघत, म्हणून प्रत्येक चित्र जपून घ्यावे लागे. मे महिन्याच्या सुट्टीत मी शिरूर येथे आत्याकडे आलो होतो. गावाबाहेरच्या माळावर मला टिटवीची चार अंडी दिसली. टिटवी झाडावर घरटे बांधीत नाही. उघड्या जमिनीवर, खड्यांच्या मधोमध, मातीच्याच रंगाची ठिपकेदार अंडी ती घालते. उन्हाळ्यात ही अंडी उबविण्यापेक्षा उन्हापासून वाचविणे अधिक अगत्याचे असते. त्यासाठी ती अंड्यांवर सावली धरून उभी राहते, आणि कधी पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवून येते व त्या ओलाव्याने अंडी थंड ठेविते. ही सारी माहिती मला पुढे झाली. त्या दिवशी मला एवढेच ठाऊक होते की, चित्र उत्तम निघावयास पाहिजे.

अंड्यांजवळ वाळल्या गवताचा एक झुबका होता. तो चित्रात आडवा येतो म्हणून मी उपटून टाकिला. मग अवघ्या पाचसहा पावलांवर जाऊन बसलो. नरमादी दोघेही डोक्यावरून घिरट्या घालीत आक्रोश करीत होती. ऊन तापत गेले. सुमारे दोन तासांनी मादीस राहवेना. माझे भय सोडून ती आली आणि अंड्यांवर उभी राहिली. मी चित्र घेतले. त्यात तिची चोच उघडी दिसते. पाहणारे म्हणतात, ती शत्रूवर ओरडत आहे. वस्तुतः ती उन्हाने धापा टाकीत होती.

तिसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो. पाखरे नव्हती. एका अंड्यास तडा गेला होता व त्यावर मुंग्या लागल्या होत्या. जवळच एक वृद्ध धनगर मेंढरे चारीत होता. त्याने मला आदल्या खेपेस पाहिले असावे. तो म्हणाला, "टिटवी गेली, पोरा. तू लवकर उठाया पायजे हुतंस." तो रागावला नव्हता. रागावला असता तर कदाचित मी विसरलोही असतो.

येथपर्यंत जे झाले ते अज्ञानाने झाले. पुढचे मात्र जाणूनबुजून केले. महाविद्यालयातील प्रदर्शनात मी ते चित्र ठेविले, त्याखाली 'मातृप्रेम' असे लिहिले, आणि पहिले पारितोषिक मिळाले तेव्हा ते घेतले. अंड्यांचे काय झाले हे कोणी विचारले नाही, व मी सांगितले नाही. इतक्या वर्षांत ही गोष्ट मी आज प्रथमच सांगत आहे.

मी जगप्रवास का केला नाही? पैसा नव्हता आणि घरची जबाबदारी होती, हे खरे. पण कॅमेऱ्याकडे पाहिले की, ती उघडी चोच दिसे, हेही तितकेच खरे. कित्येक वर्षे मी त्यास हात लाविला नाही. पुढे या विद्येतील थोर लोकांचे वृत्तांत वाचू लागलो तेव्हा कळले की, मी जे केले ते तिचे पहिलेच पाऊल चुकल्यासारखे होते.

इंग्लंडातील रिचर्ड व चेरी कीर्टन या बंधूंचे उदाहरण घ्या. १८९२ साली त्यांनी घरट्यातील अंड्यांचे चित्र घेतले. निसर्गचित्रणाच्या अगदी आरंभीच्या चित्रांत त्याची गणना होते. पाखरांनी बुजू नये म्हणून त्यांनी बैलाचे कातडे लाकडी सांगाड्यावर ताणून एक पोकळ बैल केला आणि त्याच्या पोटात लपून ते तासन् तास उभे राहत. धाकटा चेरी पुढे कॅमेरा घेऊन आफ्रिका, हिंदुस्थान असे दूरदूरचे देश हिंडला. आपल्या देशात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने बंदुकीपेक्षा कॅमेरा श्रेष्ठ मानिला. वाघाच्या वाटेवर तो बारीक तार बांधून ठेवी. रात्री वाघाचा पाय तारेस लागे आणि चित्र आपोआप निघे. त्याचे या विषयावरील पुस्तक १९२७ साली प्रसिद्ध झाले. या लोकांच्या प्रवासाचे आपणांस कौतुक वाटते. परंतु प्रवास हा त्यांच्या कामाचा लहान भाग होता. मोठा भाग म्हणजे स्वस्थ बसणे व वाट पाहणे.

या क्षेत्रात सत्यासही फार मोल आहे. लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयाच्या जगप्रसिद्ध स्पर्धेत २००९ साली फाटकावरून उडी घेणाऱ्या एका लांडग्याच्या चित्रास सर्वोच्च मान मिळाला. मागाहून परीक्षकांचे असे मत झाले की, तो लांडगा बहुधा माणसाळलेला असावा. छायाचित्रकाराने हे नाकारले; तथापि २०१० च्या जानेवारीत पारितोषिक परत घेण्यात आले. ही बातमी वाचली तेव्हा मला माझे पारितोषिक आठवले. ते परत मागणारे कोणी नव्हते, एवढाच काय तो फरक!

विद्यार्थी मित्रहो, दूर जाण्याची इच्छा वाईट नव्हे. ईश्वराने निर्मिलेले विशाल जग अवश्य पाहा. मात्र जे पाहण्यास तुम्ही दूर जाल, त्यातील पुष्कळसे आपल्याकडे येत असते. गेल्या हिवाळ्यात आपल्या शाळेची काही मुले मजबरोबर दौंडास व तेथून रेल्वेने भिगवणास आली होती. १९८० साली पुऱ्या झालेल्या उजनी धरणाचे पाणी तेथवर पसरले आहे. तेथे आपण गुलाबी पंखांचे रोहित पाहिले. ते वाकडी चोच उलटी करून चिखलातील भक्ष्य गाळून घेतात. पट्टकादंब नावाचे हंसही पाहिले. हे मंगोलिया व तिबेट येथून हिमालय ओलांडून येतात. ७,००० मीटरांहून अधिक उंचीवर त्यांचे उड्डाण नोंदले गेले आहे. कोणत्या प्रवाशाने याहून मोठा प्रवास केला आहे?

त्या दिवशी दुसऱ्या एका नावेतील मंडळींनी थवा उडविण्यासाठी आपली नाव जोराने पुढे घातली. आपल्या नावेतही, "दादा, जवळ घ्या ना!" असा गलका झाला. आपल्या नावाड्याने नाव थांबविली आणि म्हणाला, "ती खाऊ लागलीत, त्यांना खाऊ द्या." आपण थांबलो. थोड्या वेळाने चारपाच रोहित चरत चरत आपणहून जवळ आले, व ज्यांच्या हाती कॅमेरा होता त्यांस चांगली चित्रे मिळाली. माझ्या त्या दोन तासांत जे मला कळले नाही, ते या मुलांस अर्ध्या तासात कळले.

जगाचे लक्ष वेधण्यास जग हिंडावेच लागते असेही नाही. २०२० साली त्याच लंडनच्या स्पर्धेत पनवेलच्या ऐश्वर्या श्रीधर यांच्या चित्रास विशेष प्रशंसा मिळाली. त्यांनी काय टिपले होते? भंडारदऱ्याजवळचे काजव्यांनी लखलखलेले एक झाड! २०१८ साली दहा वर्षे व त्याखालील मुलांच्या गटात पंजाबातील एक मुलगा पहिला आला. त्याने कपूरथळ्यास एका नळात बसलेली दोन पिंगळे गाडीच्या खिडकीतून टिपली होती.

पालकांसही एक विनंती आहे. आता घरोघरी मोबाईल आहे आणि त्यात कॅमेरा आहे. आमच्या शिरूरच्या उसात बिबट्या वावरतो. त्याच्या चित्रासाठी कोणी मुलगा उसाकडे जाऊ लागेल तर त्यास निक्षून आवरा. तेथे जिवाशी गाठ आहे. आणि कोणी घरट्याचे चित्र आणून दाखविले, तर "छान!" म्हणण्यापूर्वी, "तू तेथे किती वेळ थांबलास?" असे त्यास विचारा. मला हे कोणी विचारले असते तर बरे झाले असते.

तेव्हा, संपादक मित्रांनो, ते चित्र छापू नये. त्याखाली कोणते नाव लिहावे हे मला अजून सुचलेले नाही, आणि जुने नाव खोटे होते. त्याऐवजी भिगवणच्या रोहितांचे आपल्या मुलांनी काढलेले चित्र छापावे. पाखरांचीही काळजी वाहणाऱ्या परमेश्वराने आपणां सर्वांस पाहण्याची दृष्टी द्यावी, आणि वेळीच उठून मागे सरण्याची सद्बुद्धीही द्यावी, एवढीच प्रार्थना.