मॉनिटर वाजतो तेव्हा

रुग्णालयात आपल्या माणसाच्या उशाशी रात्र काढलेल्या प्रत्येकाला तो आवाज ठाऊक असतो. सुरू होतो, थांबतो, पुन्हा सुरू होतो. दुसऱ्या रात्रीपर्यंत कान त्याला सरावतात. वाचकहो, मला या सरावाचीच धास्ती वाटते.

सरावणे हा काही तुमचा एकट्याचा दोष नव्हे. परिचारिकांचेही तसेच होते. अमेरिकेतील ‘जॉइंट कमिशन’ या संस्थेने २०१३ मध्ये दिलेल्या इशाऱ्यात ८५ ते ९९ टक्के गजरांवर कोणत्याही उपचाराची गरज नसते, असा अंदाज नोंदवला होता. त्याच इशाऱ्यात साडेतीन वर्षांतील गजरांशी संबंधित ८० मृत्यूंचीही नोंद होती.

खोटे गजर बहुधा साध्या कारणांनी होतात. बोटाला लावलेला ऑक्सिजनचा चिमटा सरकतो, बोटे गार पडलेली असतात, नखांवर गडद नेलपॉलिश असते. रक्तदाबाचा पट्टा त्याच हाताला असेल, तर तो फुगताच बोटाकडे जाणारा रक्तप्रवाह थांबतो आणि यंत्र ओरडू लागते. छातीवरील चिकटपट्ट्या वाळल्या, तरी हृदयाची रेषा वेडीवाकडी दिसते.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका जुन्या रुग्णाला भेटायला मी रुग्णालयात गेलो होतो. गजर वाजताच मुलाने उठून घंटेचे चित्र असलेले बटण दाबले आणि कौतुकाने म्हणाला, “डॉक्टर, आता मलाही जमतं!” पडद्यावर ऑक्सिजन ८४ होता आणि त्याची लाट अगदी स्वच्छ उमटत होती. काकांचे ओठ निळसर दिसत होते. ऑक्सिजनची नळी भिंतीवरच्या जोडणीतून निसटली होती. सिस्टरांना हाक मारली. त्यांनी नळी जोडली आणि आकडा हळूहळू वर चढला. मुलगा बेजबाबदार नव्हता. तीन रात्री जागलेला होता.

तेव्हा गजर झाला की आधी माणसाकडे पाहा: श्वास चालू आहे का, हाकेला ओ देतात का, ओठांचा रंग कसा आहे? मग सिस्टरांना बोलवा. चेहरा ठीक वाटला तरीही बोलवाच. बटण मात्र तुम्ही दाबू नका. काही वेळापुरता आवाज थांबवणे आणि गजर पुरता बंद करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घाईत दुसरीच घडली, तर पुढचा गजर वाजणारच नाही.

गजर वारंवार होत असेल, तर त्याच्या मर्यादा या रुग्णासाठी ठरवल्या आहेत का, हे अवश्य विचारा. फुप्फुसांच्या जुनाट विकारात पुष्कळदा ८८ ते ९२ टक्के ऑक्सिजन हेच उद्दिष्ट असते. यंत्राची नेहमीची मर्यादा ९० असेल, तर ते अशा रुग्णासाठी रात्रभर वाजत राहील. हा बदल डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच व्हावा.

आणखी एक, जे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे: मोबाइल चार्ज करण्यासाठी मॉनिटरची पिन काढू नका. बॅटरीवर ते किती वेळ तग धरील, याचा भरवसा नसतो.

रुग्णाला पेसमेकर बसवलेला असेल, तर दाखल होतानाच सांगा आणि त्याचे कार्ड दाखवा. पेसमेकरचे ठोके यंत्र कधी कधी हृदयाचे ठोके म्हणून मोजते. तसे झाले, तर हृदय थांबूनही गजर गप्प राहू शकतो. परिचारिकेने मॉनिटरमध्ये तशी नोंद केली का, तेही विचारून घ्या. असे विचारल्याचा राग चांगल्या परिचारिकेला येत नाही.