तीन पेट्या आणि एक मोबाइल

घर पाडायचं ठरलं. कवेलू न्यायला एक जण आला, सागाच्या नाटा न्यायला दुसरा आला. माळ्यावरच्या पत्र्याच्या तीन पेट्यांकडे मात्र कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. तिन्हीत पुस्तकं. पुण्याहून मुलाचा फोन आला, "बाबा, नव्या घरात रद्दी नका भरू. सगळं मोबाइलवर मिळतं. जे मिळणार नाही तेवढंच ठेवा."

अट मला रास्त वाटली. मी काही कागदाचा भक्त नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून रात्री अंथरुणात मोबाइलवरच वाचतो. अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, आणि दिवा लावला म्हणून कोणाची झोप मोडत नाही. तेव्हा दिवाळीच्या सुटीत नातू आला की निवाडा करायचा, असं ठरवलं. मी पेटीतून पुस्तक काढायचं, त्यानं मोबाइलवर शोधायचं. सापडलं की डावीकडे, नाही सापडलं की उजवीकडे. वलगावला ओसरीत सतरंजी टाकून आम्ही दोघं बसलो.

पहिलंच निघालं 'श्यामची आई'. नातवानं चार अक्षरं टाकली आणि दहा ठिकाणी पुस्तक हजर. "आबाजी, फुकट आहे!" असणारच. साने गुरुजी १९५० साली गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं त्याचा हक्क राहतो, म्हणजे २०११ पासून ते पुस्तक साऱ्यांचं झालं. माझी प्रत उघडली तर पुठ्ठ्याच्या आत तीन अक्षरांमध्ये तीन नावं. थोरल्या बहिणीचं, तिच्या मैत्रिणीचं आणि खाली पेन्सिलीनं माझं. ती मैत्रीण कोणत्या गावी दिली, हेही आता कोणाला आठवत नाही. पुस्तक डावीकडे ठेवलं. नाव पुसायचं राहून गेलं असं काहीतरी वाटलं, पण ठेवलं.

मग सुतळीनं बांधलेले 'किशोर'चे अंक. बालभारतीनं हे मासिक नोव्हेंबर १९७१ मध्ये सुरू केलं. आमच्या शाळेत एकच अंक यायचा आणि वर्गात पोरं चाळीस. शनिवारी सकाळच्या शाळेनंतर मास्तर पाळी लावत. अंक घरी न्यायचा, सोमवारी आणायचा, पान दुमडलं तर पुढची पाळी बाद. सातवीत असताना एका अंकाच्या मुखपृष्ठासाठी मी तीन शनिवार वाट पाहिली होती. (पेटीतले अंक माझ्याकडे कसे आले हे विचारू नका. शाळेनं जुने अंक काढून टाकले तेव्हा मी जवळच उभा होतो, एवढंच.) आता बालभारतीनं जुने सगळे अंक इंटरनेटवर मांडून ठेवले आहेत. नातवाचा अंगठा वरून खाली फिरला आणि १९७४ साल दोन मिनिटांत संपलं. माझं ते मुखपृष्ठही मधे येऊन गेलं. "थांब, थांब," म्हणेपर्यंत तो १९७५ च्या उन्हाळ्यात पोचला होता.

अंक डावीकडे गेले. तक्रार करायला जागा नव्हती. आमच्या चाळीस जणांना जे एक मिळायचं ते आज ज्याच्या त्याच्या हातात सगळंच्या सगळं आहे. फक्त माझ्यानंतर पाळी कोणाची, हे मला अजून पाठ आहे. नातवाला कोणाची पाळीच नाही.

दुसऱ्या पेटीत वर 'पांडवप्रताप'. लाल कापडात गुंडाळलेला, कापडाला तेलाचा वास. श्रावणात मारुतीच्या देवळात आमचे आबाजी, म्हणजे माझे आजोबा, पोथी लावत. कंदील त्यांच्यापुढे, बाकी सारा अंधार. ऐकायला वीस-पंचवीस माणसं, त्यांतल्या निम्म्यांना अक्षर ओळखीचं नाही. आबाजी ओवी वाचत, मग वऱ्हाडीत अर्थ सांगत. एखादी म्हातारी मधेच विचारे, "मंग भीमानं काऊन ऐकून घेतलं?" आणि पोथी थांबवून भीमाचा न्याय व्हायचा. वाचणं म्हणजे एकट्यानं गप्प बसणं, ही गोष्ट आमच्या गावात फार उशिरा आली. म्हणून बोलक्या पुस्तकांबद्दल कोणी नाक मुरडलं की मला हसू येतं. २०१७ पासून स्टोरीटेलवर मराठी पुस्तकं ऐकायला मिळतात, माझी बायको भाजी निवडताना कादंबरी ऐकते. ती आबाजींचीच पद्धत, फक्त कानात बोंडं घातल्यानं भीमाचा न्याय होत नाही.

ऐकण्यावरून आठवलं. आमचं गाव पुस्तकांत येतं ते गाडगेबाबांमुळे. २० डिसेंबर १९५६ ला इथल्याच पेढी नदीच्या पुलाजवळ, अमरावतीच्या वाटेवर, बाबांनी देह ठेवला. बाबांना अक्षर येत नव्हतं आणि जन्मभर त्यांनी लोकांना पोरं शाळेत घालायला सांगितलं. त्यांचं चरित्र मी गो. नी. दांडेकरांचं वाचलं. दांडेकर परतवाड्यात जन्मले, म्हणजे आमच्याच रस्त्यावरच्या पुढच्या मोठ्या गावचे, आणि तरुणपणी बाबांबरोबर हिंडलेले. पुस्तक उत्तम. पण बाबा कीर्तनात लोकांना प्रश्न विचारत आणि लोक उत्तर देत, ते कसं, हे छापील पानातून कळायचं नाही. आबाजींनी ते ऐकलं होतं. ते नक्कल करून दाखवत. मग काही वर्षांपूर्वी मोबाइलवर बाबांचं मुंबईतलं नोव्हेंबर १९५६ चं कीर्तन सापडलं, शेवटचं. खरखर भरपूर. त्या खरखरीतून बाबांचा प्रश्न आला आणि मागून शेकडो माणसांचं एकदम उत्तर आलं. आबाजींची नक्कल तंतोतंत होती. त्या दिवशी मी मोबाइलला हात जोडायचा तेवढा बाकी होतो.

मग दांडेकरांचं पुस्तक डावीकडे की उजवीकडे? नातू म्हणाला, "विकत मिळतं." ते मी दोघांच्या मधे ठेवलं. अशी तिसरी रास तयार झाली.

तिसऱ्या पेटीपाशी खेळ अडला. काही पुस्तकं मिळत, पण ती मिळणं न मिळण्यासारखंच. कोणीतरी पानांचे फोटो काढून पीडीएफ केलेली. मोबाइलवर एक ओळ वाचायला पान डावीकडून उजवीकडे बोटानं ओढायचं, दुसऱ्या ओळीला पुन्हा मागे. बैल वळवल्यासारखं. काहींत एखादा शब्द शोधायला गेलं तर जोडाक्षरांचा चुरा. मराठीत वर्षानुवर्षं पुस्तकं ज्या फॉन्टांत जुळवली ते युनिकोडच्या आधीचे, त्यांचं सुलभ ई-पुस्तक करायचं तर बरंच पुन्हा तपासावं लागतं. एवढी उस्तवार कोणत्या पुस्तकाची होते? खपणाऱ्याची. बाकीची फोटोत.

आणि विकतच्या ई-पुस्तकांचं माझं एक दुखणं आहे. एका कंपनीच्या अॅपवर मी हौसेनं पंधराएक पुस्तकं घेतली होती. मोबाइल बदलला, अॅप उघडेना, मग अॅपच बंद झालं. पैसे गेले त्याचं नाही. त्यातलं एक शेजारच्या गुरुजींना वाचायला द्यायचं कबूल केलं होतं; तेव्हा कळलं की ते देताच येत नाही. मोबाइलच द्यावा लागेल. विकत घेतलं म्हणजे काय घेतलं, हा प्रश्न मोठ्या गावांनाही पडलेला आहे. २००९ साली अॅमेझॉननं लोकांच्या किंडलवरून ऑर्वेलचं '१९८४' परस्पर काढून घेतलं होतं, पैसे परत करून. रद्दीवाल्यालाही दारात येऊन विचारावं लागतं.

कुलूप लावलेलं पुस्तक आम्हा अमरावतीकरांना नवं नाही म्हणा. इथून जवळच रिद्धपूर. तिथं म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केलं. पुढे महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ या सांकेतिक लिपीत लिहून ठेवले, किल्ली फक्त पंथात. शेकडो वर्षं मराठीतला पहिला गद्य ग्रंथ बाकी मराठी माणसाला ठाऊक नव्हता. पण त्यांनी ते ग्रंथ जिवापाड जपले, हाताने नकला केल्या, एकानं दुसऱ्याच्या हाती दिले. कंपनीच्या कुलपात ती माया कुठून येणार?

आमच्या गावच्या वाचनालयाला मात्र कुलूप नावालाच होतं. एक खोली, दोन लोखंडी कपाटं, एक रजिस्टर. पुस्तक नेलं की नाव आणि तारीख. आत चिकटवलेल्या पट्टीवरही तारीख. ती पट्टी पाहून गावाची आवड कळायची. संतचरित्राला वर्षात दोन तारखा आणि रहस्यकथेला एका पावसाळ्यात बारा. रहस्यकथा हातोहात फिरत, कपाटात परत येतच नसत. शेतात, ओसरीत, एसटीत, कापूस वेचणीच्या दुपारी धुऱ्यावर.

तशी एक तिसऱ्या पेटीच्या तळाशी निघाली. पुठ्ठा नाही, पहिली पानं नाहीत, म्हणजे नाव नाही, लेखक नाही. शेवटची पानंही नाहीत. एकविसाव्या पानावर वाचनालयाचा जांभळा शिक्का. म्हणजे मी ते परत केलंच नव्हतं. नातू मोबाइल घेऊन तयार.

"नाव सांगा."

"नाव नाही ना बाप्पा."

"लेखक?"

"तोही गेला."

त्यानं मधल्या पानावरचं एक वाक्य टाकून पाहिलं. काहीच नाही आलं. पंधरा मिनिटं त्याच्या हातातला मोबाइल बाजूला पडला आणि पोरगं पुस्तकात घुसलं. जेवायला हाक मारली तरी उठेना. शेवटी डोकं वर काढलं ते रागानंच. "आबाजी, पुढची पानं कुठे आहेत? खून कोणी केला?"

आमच्या वेळी एक आगाऊ वाचक होता. कोण ते कधीच कळलं नाही. वाचनालयातल्या प्रत्येक रहस्यकथेच्या दहाव्या पानावर तो खुन्याचं नाव पेन्सिलीनं लिहून ठेवायचा. सारं गाव त्याच्या नावानं बोटं मोडत असे. मास्तर खोडरबर घेऊन बसत.

"दहावं पान पाय," मी म्हटलं.

त्यानं पान काढलं, उजेडात धरलं. खोडलेलं होतं, पण पेन्सिलीची रेघ कागदात उमटलेली. तो हळूहळू वाचायला लागला.

"खरं असेल हे?"

मला ते पुस्तक मिळालं तेव्हाच शेवटची पानं गेलेली होती.