वारा पडला की…

जानेवारीत चार दिवस खालाकडे महाबळेश्वरला गेले होते. वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणी मागे पडली की गाडीच्या खिडकीतून येणारा वारा कानाला झोंबू लागतो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना स्ट्रॉबेरीचे गादीवाफे दिसतात. २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालेली ही महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी. खालूंचंही वेण्णा तलावाजवळच्या सखल भागात वीस गुंठे रान आहे. घर मात्र वर, चढावर.

पहिल्या रात्री वाऱ्यानं छपराचे पत्रे वाजत होते. मी म्हटलं, "खालू, या गारठ्यात तुमची फुलं कशी टिकायची?"

ते हसले. "बेटी, वारा आहे तोवर निवांत झोप. वारा पडला की मला झोप नसते."

मला ते उलटंच वाटलं. सकाळी अंगणातल्या जास्वंदीच्या पानांच्या कडा करपल्यासारख्या दिसल्या. खाला म्हणाली, "हे वाऱ्याचं काम." वारा पानातला ओलावा ओढून घेतो आणि गार मातीतून मुळांना तेवढं पाणी लवकर उचलता येत नाही. म्हणून तिनं कुंड्या झुडपांच्या कुंपणाआड ठेवल्या होत्या. भिंतीवर आपटलेला वारा वरून पलीकडं भोवऱ्यासारखा उतरतो. कुंपणातून मात्र तो मंद होऊन येतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वारा थांबला. आभाळ स्वच्छ, पान हलत नव्हतं. खालूंनी दुपारीच रानाला पाणी दिलं होतं; ओली माती दिवसाची ऊब धरून ठेवते आणि रात्री हळूहळू सोडते. अंधार पडायच्या आत आम्ही सगळे खाली गेलो. वाफ्यांवर काठ्या रोवून जुनी लुगडी, चादरी, गोणपाट पसरले. फुलांना कापड टेकू द्यायचं नाही, ही खालूंची ताकीद. तरी शेवटचे तीन वाफे उघडेच राहिले. कापड पुरलं नाही.

फजरच्या नमाजनंतर थोडं उजाडल्यावर खालूंबरोबर निघाले. अंगणात नुसतं दव होतं. उतारावर प्रत्येक वळणाला गारठा वाढत गेला. रानाजवळ पोहोचलो तर गवत पांढरं, उभ्या जीपचा टपही पांढरा. थंड हवा जड असते, पाण्यासारखी सखल जागी जाऊन साचते. निरभ्र रात्री पानं आपली ऊब आभाळाकडे सोडत राहतात आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतात. वारा असता तर वरची जरा उबदार हवा खाली मिसळली असती. खालूंच्या बोलण्याचा अर्थ तेव्हा कळला.

ऊन आल्यावर कापडं काढली. झाकलेली फुलं ठीक होती. उघड्या वाफ्यांतली फुलंही दुरून पांढरीशुभ्र दिसत होती. पण दुपारपर्यंत त्यांच्या मधला पिवळा भाग काळा पडला. अशा फुलाला फळ धरत नाही. फुलापासून फळ हाती यायला साधारण महिना लागतो, म्हणजे तीन वाफ्यांची महिन्याभराची कमाई गेली. खालानं मनात हिशेब केला असावा. बोलली काही नाही. खालू पानं चाचपत म्हणाले, "झाड जिवंत आहे. नवी फुलं येतील, इन्शाअल्लाह."

परतल्यावर मी जास्वंदीची करपलेली पानं कापायला कात्री घेतली, तर खालानं हात धरला. "आता छाटलीस तर कोवळे फुटवे येतील आणि तेच थंडीत सापडतील. थंडी सरू दे."

पुण्यात तेवढा गारठा नसतो. तरी आता हिवाळ्यात संध्याकाळी गच्चीवर गेले की आधी पानांकडे बघते. हलत असतील तर कुंड्यांना आडोसा पुरतो. पानं स्तब्ध आणि चांदणं लख्ख असेल, तर कोवळी रोपं छपराखाली घेते आणि खालूंना फोन करते, "आज कापड पुरलं का?"