दहा मिनिटांचा गुरू

संगणक हा आता केवळ अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचा विषय राहिलेला नाही. इतिहास घेतलेली मुलगी असो, वाणिज्य शाखेतला मुलगा असो की रसायनशास्त्राचा अभ्यासक असो, पुष्कळ महाविद्यालयांत प्रत्येकाच्या वाट्याला संगणकाचा एखादा तरी पेपर येतोच. ही गोष्ट चांगलीच आहे. परंतु ज्या घरांतून महाविद्यालयाची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी, त्या घरांतल्या मुलांना हा पेपर कसा वाटतो, याचा विचार आपल्या समाजाने करावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही सुरतेजवळच्या सचिनला राहतो. एकेकाळी हे सिद्दी नवाबांचे छोटेखानी संस्थान होते. आज ही औद्योगिक वसाहत आहे. येथील पुष्कळ मराठी कुटुंबे जळगाव, धुळे, नंदुरबारकडून पोटापाण्यासाठी आली आणि मागांच्या खडखडाटात रुळली. त्यांची मुले आमच्या हाताखालून मराठीत शिकून जातात. पुढे वर्गात गुजराती, पुस्तकात इंग्रजी आणि मनात मराठी, अशी त्यांची त्रिस्थळी यात्रा सुरू होते.

मध्यंतरी आमची एक माजी विद्यार्थिनी भेटावयास आली. मराठीत नेहमी वरच्या क्रमांकाची; पण महाविद्यालयात तिचा संगणकाचा पेपर राहिला होता. ‘सर, हे आपल्यासाठी नाहीच,’ ती म्हणाली. गुण गेल्याचे आम्हांला फारसे वाईट वाटले नाही. त्या ‘आपल्यासाठी’ या शब्दाचे वाटले. एका पेपराच्या अपयशावरून तिने साऱ्या घराण्याचाच निकाल लावून टाकला होता!

दृश्यफितींतून शिक्षण देण्याची कल्पना जुनीच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम सुरू केले होते. पण ठरल्या वेळी लागणारा तो कार्यक्रम पाहणाऱ्याला थांबविता येत नसे की मागे नेता येत नसे. पुढे मुंबईच्या आय.आय.टी.तील रसायन अभियांत्रिकीचे प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमाने ही अडचण दूर केली. फीत सुमारे दहा मिनिटांची. पडद्यावर संगणकाचे प्रत्यक्ष काम चाललेले आणि कानावर ते समजावून सांगणारा आवाज. पडद्यावरची अक्षरे इंग्रजीच राहतात, कारण पुढे नोकरीत तीच भेटणार; आवाज मात्र मराठी, गुजराती, तमिळ अशा अनेक भाषांत भरलेला. विद्यार्थ्याने एका बाजूस फीत पाहावी, हवी तेथे थांबवावी आणि दुसऱ्या बाजूस तेच काम स्वतःच्या हाताने करावे, अशी ही पद्धत.

तथापि हत्यार चालविणे निराळे आणि त्यामागील तत्त्व उमजणे निराळे. कीर्तनकार पूर्वरंगात सिद्धान्त मांडतो आणि उत्तररंगात आख्यान लावतो, तेव्हा कुठे तो सिद्धान्त श्रोत्यांच्या गळी उतरतो. संगणकाच्या तत्त्वालाही असेच आख्यान हवे, आणि ते ज्याच्या त्याच्या शाखेतले हवे.

त्या मुलीपुढे आम्ही मोल्सवर्थचा कोश ठेवला. सुमारे नऊशे पानांचा ग्रंथ. मधोमध उघडावा, शब्द अलीकडे की पलीकडे ते पाहावे, निम्मा ग्रंथ बाजूला सारून उरलेला निम्मा पुन्हा मधोमध उघडावा. असे फार तर दहा वेळा केले की शब्दाचे पान हाती येते. पाने दुप्पट झाली तरी केवळ एकच खेप वाढते. अट इतकीच की शब्द क्रमाने लावलेले हवेत. संगणक शोध घेतो तो पुष्कळदा याच युक्तीने. वाणिज्याच्या विद्यार्थ्याने कोशाऐवजी क्रमवार खातेवही घ्यावी, इतिहासाच्या विद्यार्थ्याने सनावळी घ्यावी, तत्त्व तेच.

सचिनच्या मुलांसाठी तर दृष्टान्त दाराशीच आहे. फ्रान्समधल्या जॅकार्डने १८०४ च्या सुमारास असा माग सिद्ध केला की त्यावर नक्षी विणली जाते ती भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या हुकुमाने. भोक असेल तेथे ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तेथे खालीच राहतो. ‘आहे’ आणि ‘नाही’ या दोनच अक्षरांत सारी वेलबुट्टी लिहिलेली! चार्ल्स बॅबेजने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी हीच पुठ्ठ्यांची कल्पना उचलली आणि अदा लव्हलेस या विदुषीने १८४३ मध्ये त्या यंत्राचे मर्म सांगताना जॅकार्डच्या मागाचाच दाखला दिला. ज्या मुलाचा बाप रात्रपाळीला अशा मागासमोर उभा असतो, त्याला संगणक परका कसा?

हे सारे पाच मिनिटांच्या फितीत सहज मावेल. मात्र एक इशारा देणे प्राप्त आहे. फीत पाहिली म्हणजे विषय समजला, हा भ्रम फार गोड असतो. पोहणे पाहून कोणी पोहू लागत नाही. फीत लहान असण्याचे महत्त्व एवढ्याचसाठी की ती लवकर संपते आणि पाहणाऱ्याला हात चालविण्यास वेळ उरतो. खरी परीक्षा त्यानंतरची: जे पाहिले ते दुसऱ्याला मराठीत सांगता आले पाहिजे.

येथे आपल्या घरांचे काम सुरू होते. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, सुरत, कोठेही असा; घरात महाविद्यालयात जाणारे मूल असेल तर त्याच्याकडून आठवड्यातून एक तत्त्व आजीला समजेल अशा भाषेत वदवून घ्या. निवृत्त शिक्षक, अभियंते, मागावरचे जाणते कारागीर यांनी आपापल्या धंद्यातला एखादा दृष्टान्त मराठीत सांगावा आणि तरुणांनी तो खिशातल्या मोबाइलवर टिपून घ्यावा. यास फारसा पैसा लागत नाही. आपली भाषा देवघरात आणि स्वयंपाकघरात आपण जपलीच आहे. आता तिला संगणकाच्या पडद्यासमोरही बसू द्यावे, एवढीच विनंती.