80 आणि 120 च्या मध्ये

काकांच्या मर्सिडीजमध्ये तापमानाच्या काट्यासमोर तीनच आकडे लिहिलेत: 40, 80 आणि 120. बाकीचं ज्याने त्याने नजरेने ठरवायचं. गाडी डब्ल्यू 124, 1996 सालची, पाच सिलिंडरच्या डिझेल इंजिनाची आणि जन्माने पुण्याची. मर्सिडीजने भारतात पहिल्यांदा गाड्या जोडायला घेतल्या त्या याच जातीच्या, इथेच. त्या काळी लोक तिच्याकडे वळून बघत. आजही बघतात, पण ही अजून चालते कशी, या कुतूहलाने. तिच्या वयाची श्रीमंत गाडी सांभाळणं हे अवघडच काम. विकायला काढली तर हातात फारसं काही पडत नाही, आणि सुटे भाग मात्र जुना थाट सोडायला तयार नसतात.

मला नाद लागला तो त्या काट्याचा. डिझेल इंजिन निवांत तापतं. डिसेंबरच्या सकाळी सिंहगड रस्त्यावरून निघालं की काटा बराच वेळ 40 च्या आसपासच रेंगाळतो, मग हळूहळू चढत 80 च्या किंचित पुढे जाऊन टेकतो. कात्रजच्या चौकात गर्दीत अडकलो की आणखी वर सरकतो, एसी चालू असेल तर शंभराच्या अलीकडे-पलीकडे. रस्ता मोकळा झाला, वारा लागला, की खाली. या गाडीत पहिल्यांदा बसणारा माणूस पहिल्याच लांबलेल्या सिग्नलला विचारतो, "काका, गाडी तापतेय का?" काका उत्तर देत नाहीत. सिग्नल सुटू देतात.

खरं तर हीच तिची नॉर्मल चाल. आकडा एकच असा नाहीच. किती वर जाते, कशामुळे जाते आणि कारण सरलं की परत येते का, एवढंच बघायचं. कंपनीच्या माहितीपुस्तिकेतही लिहिलंय की तुंबलेल्या रस्त्यावर काटा लाल खुणेच्या जवळ जाऊ शकतो, फक्त लालमध्ये गाडी चालवू नका. पुस्तिका वाचतो कोण, हा भाग वेगळा.

मध्यंतरी एका मेकॅनिकने काकांना सुचवलं, "थर्मोस्टॅट काढूनच टाकू, आपल्या हवेत काय काम त्याचं? काटा कायम खाली राहील." आपल्याकडे हा उपाय अनेक गॅरेजांत चालतो, आणि तो मला भारी खटकतो. इंजिन थंड राहणं म्हणजे सुखात राहणं नव्हे. गार इंजिनात ऑइल दाट राहतं, डिझेल नीट जळत नाही, झीज वाढते. काकांनी जुना थर्मोस्टॅट काढला, पण नवा बसवण्यासाठी. जुना मी घरी आणला आणि दुधाच्या पातेल्यात पाणी घालून गॅसवर ठेवला. काकू बघत होती, बोलली मात्र नाही.

पितळी कुपी, तिच्यात मेण, वर स्प्रिंगने दाबून धरलेली चकती; यंत्र म्हणावं तर एवढंच. मेण वितळून फुगतं, आतली दांडी ढकलतं, चकती उचलली जाते आणि पाण्याला रेडिएटरकडची वाट मोकळी होते. पाण्यात स्वयंपाकाचा थर्मामीटर सोडलेला. 70 ला काही नाही. 80 झाले, काही नाही. 85 च्या पुढे चकतीच्या कडेला नखाएवढी काळी फट दिसली आणि वाढत गेली. पूर्ण उघडायला त्याला आणखी बरेच अंश लागतात, आणि पुण्याच्या उंचीवर पाणी 98 लाच उकळतं, त्यामुळे पातेल्यातली मजा तिथेच संपली.

गाडीत तसं होत नाही, कारण तिथे कुकरचा न्याय लागू होतो. कूलंटच्या टाकीवरचं झाकण आतला दाब 1.4 बारपर्यंत धरून ठेवतं आणि आत निम्मं पाणी, निम्मं कूलंट. उघड्यावर हे मिश्रण 107 च्या आसपास उकळेल, दाबाखाली 125 सुद्धा सहज ओलांडतं. म्हणून 100 हा आकडा इथे भीतीचा नाही. "पुण्यात कुठे बर्फ पडतो, कूलंट कशाला?" असं विचारणारे भेटतात. त्यांनी कधीतरी बोअरच्या पाण्यावर चालवलेल्या रेडिएटरच्या नळ्यांत डोकावून बघावं: पांढरे क्षार, तांबूस गंज, आणि मधे पेन्सिलही जाणार नाही इतकी वाट.

पुढच्या काळातल्या गाड्यांनी काट्याचा स्वभावच बदलला. बीएमडब्ल्यूच्या ई 39 मध्ये साधारण 75 पासून 115 पर्यंत काटा मधोमध चिकटून बसतो. आत चाळीस अंशांची उलथापालथ होते आणि मालकाला काही कळू दिलं जात नाही. तिच्या व्ही 8 इंजिनात तर थर्मोस्टॅट मुद्दाम 105 चा. हलक्या चालीत इंजिन गरम ठेवून इंधन वाचवायचं, आणि पाय दाबला की त्यातलं मेण विजेने तापवून तो लवकर उघडायचा. खरा आकडा हवा असेल तर डॅशबोर्डचा छुपा मेनू उघडावा लागतो. मालक घाबरून सर्व्हिस सेंटरला धावू नयेत म्हणून ही सोय, हे समजतं. तरी मला हलणारा काटाच बरा वाटतो. भाचीच्या नव्या गाडीत काटाच नाही; थंड असताना निळा दिवा, जळायच्या बेतात आली की लाल. मधलं सगळं गुपचूप.

एका मे महिन्यात काकांबरोबर साताऱ्याला निघाले होते. खंबाटकीच्या घाटात पुढे ट्रकची रांग, दुपारचं ऊन, एसी चालू. काटा शंभर ओलांडून थोडा पुढे गेला, समोरचे विजेचे पंखे जोरात लागले, बोनेटखालून घरघर सुरू झाली. काकांनी एसी बंद केला, काचा खाली केल्या आणि माथ्यावर गाडी कडेला घेतली. मी किल्लीकडे हात नेला तर म्हणाले, "बंद नको करूस गं. पंप थांबला की आतली उष्णता जाणार कुठे? फिरू दे पाणी."

तेवढ्यात मागच्या ट्रकचा क्लीनर पाण्याचं कॅन घेऊन धावत आला. "काका, झाकण काढा, ओततो!"

"झाकणाला हात लावू नकोस बाबा, तोंडावर उडेल. आणि तापलेली नाहीये ती."

त्याने वाकून काटा पाहिला. काटा खाली सरकतही होता. पण एवढी म्हातारी मर्सिडीज, एवढा आवाज, आणि म्हणे तापलेली नाही! त्याला काही ते पटलं नाही. कॅन बोनेटजवळ ठेवून तो म्हणाला, "असू द्या, पुढे लागेल," आणि ट्रककडे पळाला.