टेनिसचा तास

आमचा खरा विषय गणित. परंतु विद्यार्थिदशेंत आम्ही चार दिवस टेनिस खेळलों होतों, ही गोष्ट एकदां शिक्षकांच्या खोलींत सहज बोलून गेलों, आणि त्या फुशारकीचें प्रायश्चित्त म्हणून व्यायामाच्या तासाला टेनिस शिकविण्याचें काम आमच्या गळ्यांत पडलें.

एक कोर्ट, दहा जुन्या रॅकेटी, ४० मुलें आणि ४० मिनिटें, एवढें आमचें भांडवल. मुलांना रांगेंत उभें करून आम्ही जाळ्यापलीकडून एकेकास चेंडू टाकीत असूं. फटका मारला कीं मुलगा रांगेच्या शेवटीं जाई. रांग सरळ असे, गलबला होत नसे, आणि मुख्याध्यापक खिडकींतून पाहून संतोषानें मान डोलवीत. बाहेर शिकवणी लावलेलीं तीन-चार मुलें झोकदार फटके मारीत. त्याचें श्रेय आम्ही बिनदिक्कत आपल्या खातीं जमा करीत असूं. अशीं सहा वर्षें गेलीं.

सातव्या वर्षीं एक मुलगा आमच्या नजरेस आला. रांग पुढें सरके, पण हा नेहमीं शेवटींच दिसे. आपली पाळी जवळ आली कीं बुटाची नाडी बांधण्याच्या मिषानें तो खालीं बसे व मागल्यांना वाट देई. तास संपल्यावर आम्हीं त्याला विचारलें, "काय रे, खेळ आवडत नाहीं वाटतें?"

तो मान खालीं घालून म्हणाला, "आवडतो, सर. पण माझा चेंडू जाळ्यांत जातो, आणि सगळे बघत असतात."

त्या रात्रीं आम्हीं आमच्या विषयाचा प्रथमच योग्य उपयोग केला. हजेरी व आवराआवर वजा जातां ३० मिनिटें उरत. दहा सेकंदांस एक चेंडू धरला तर १८० चेंडू. त्यांस ४० नें भागिलें तर दरडोई साडेचार. साडेचार फटक्यांसाठीं मुलानें अर्धा तास उन्हांत उभें राहावें, आणि ते चुकले तर एकोणचाळीस जणांच्या देखत चुकावे! यास आम्ही शिकविणें म्हणत होतों.

पुढें थोडें वाचन केलें तेव्हां कळलें कीं, यावर उपाय पूर्वींच निघाला होता. ७८ फूट लांबीचें कोर्ट आणि डोक्यावरून उसळणारा चेंडू लहानांस देणें म्हणजे बापाचे जोडे मुलाच्या पायांत घालण्यासारखें आहे. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघानें २००७ सालीं नवशिक्यांसाठीं मंद चेंडूंचा पुरस्कार सुरू केला, आणि २०१२ पासून दहा वर्षांच्या आंतील मुलांच्या सामन्यांत नेहमीचा पिवळा चेंडू वर्ज्य ठरविला. यांतला लाल चेंडू नेहमीच्या चेंडूहून सुमारें ७५ टक्के मंद असतो. तो बेताचाच उसळतो व मुलाला विचार करण्यास अवधि देतो. त्याचें कोर्ट सुमारें ३६ फूट लांब, म्हणजे मोठ्या कोर्टाच्या रुंदीएवढें. एका कोर्टांत अशीं आडवीं चार कोर्टें सहज बसतात.

मग आम्हीं चुन्यानें चार कोर्टें आखलीं, जाळ्याऐवजीं दोऱ्या बांधल्या, सुताराकडून फळ्यांच्या बॅटी करून घेतल्या. सोळा मुलें कोर्टांत, बारा भिंतीवर चेंडू मारणारीं, उरलेलीं बॅटीवर चेंडू तोलीत चालणारीं. दहा मिनिटांनीं अदलाबदल. जोडीनें मिळून न चुकतां किती फटके होतात तें मोजावयाचें, आणि सोबत्याला परत मारतां येईल असाच चेंडू द्यावयाचा, हा एकच नियम. गलबला मात्र भयंकर झाला, आणि मुख्याध्यापकांची मान डोलावयाची थांबली.

तिसऱ्या आठवड्यांत "एकवीस!" अशी आरोळी ऐकूं आली. ती त्याच मुलाची होती. त्याच्या बुटाची नाडी खरोखरच सुटलेली होती, आणि ती बांधावयास त्याला फुरसत नव्हती.

तो पुढें खेळाडू झाला नाहीं. तशी गरजहि नव्हती. आम्हांस आठवतात तीं आधींच्या सहा वर्षांतलीं मुलें. त्यांतहि नाडी बांधीत बसणारा एखादा असेलच. हा खेळ आपल्या नशिबीं नाहीं, असें मनाशीं ठरवून तो शाळेंतून गेला असेल. आम्हीं तेव्हां रांग तेवढी पाहिली, आणि ती सरळ होती.